सप्त्याला अख्खा गाव, ग्रामसभेला सतरा टाळकी

मागच्या २६ जानेवारीला गावी होतो. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली, आणि ग्रामपंचायतीच्या शिपायानं माईकवर सांगितलं की आता देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा आहे तरी समस्त ग्रामस्थांनी उपस्थित राहावे. समस्त ग्रामस्थ गाड्यांना किक मारून निघून गेले. मला काही काम नव्हतं म्हणून मी थांबलो आणि बसल्या बसल्या डोकी मोजली. सतरा. त्यात सरपंच, उपसरपंच, तीन सदस्य, भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलंय पण आमच्याकडं भाऊसाहेब ते भाऊसाहेबच), शिपाई, दोन अंगणवाडीताई ज्यांना थांबणं भागच होतं, आणि एक आजोबा जे दुपारी तिथंच आडवे होतात, सभा असो नसो. म्हणजे आपल्या पायानं आपण होऊन आलेले किती ते तुम्हीच काढा.

पंचवीस मिनिटांत सात ठराव झाले. भाऊसाहेब एका सुरात वाचत होते, मध्येच मान वर करून विचारायचे सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि दोन ठरलेली नावं लिहिली जायची. शेवटी शिपाई रजिस्टर घेऊन माझ्यासमोर आला, "दादा, हितं एक सही टाका." मी टाकली. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा डोक्यात आलं की अरे, माझं नाव तर कधीचंच पुण्याच्या मतदार यादीत गेलंय. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. म्हणजे मी सदस्यच नाही आणि माझी सही मात्र गावाचा कारभार पास करून बसली.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण मलाही तोपर्यंत धड माहीत नव्हतं. १९९२ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. आपल्याकडं महाराष्ट्रात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायच्या आणि कोरम म्हणजे गणपूर्ती किती, तर एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो कमी असेल तो आकडा. आमच्या गावचे मतदार चौदाशेच्या आसपास, त्याचे १५ टक्के म्हणजे २१०, म्हणून मग शंभर. शंभर माणसं पाहिजेत आणि बसलेत सतरा, त्यातला एक झोपलेला. कायद्यानं अशी सभा तहकूब करायची असते. गंमत पुढंच आहे, तहकूब सभा परत भरवली की तिला कोरमच लागत नाही, फक्त नवीन विषय घेता येत नाही. त्यामुळं काही गावं रीतसर तहकूब करतात आणि पुढच्या वेळी पाचसहा जणांत उरकतात, आणि काही गावं तेवढाही त्रास घेत नाहीत, संध्याकाळी वहीच घरोघर फिरते. आमचं गाव दुसऱ्या प्रकारातलं.

मी त्या रात्री गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक भलामोठा मेसेज टाकला, लोकशाही, जबाबदारी, आपलं गाव आपला विकास वगैरे. अकरा अंगठे आले, एक हात जोडलेला आला, आणि मग कुणीतरी ट्रॅक्टरची ट्रॉली विकणे आहे असा फोटो टाकला. विषय संपला.

मग चैत्रात सप्त्याला परत गेलो. तोच सभामंडप, तीच सतरंजी. पण पहाटे चारला काकड्याला पन्नास साठ माणसं, दुपारी पारायणाला बायकांची ही गर्दी, संध्याकाळी हरिपाठाला पोरं टाळ घेऊन ओळीत उभी, रात्री कीर्तनाला तर बाहेर पारापर्यंत लोक. आठ दिवस. रोजच्या पंगतीचा खर्च आणि राबणूक एकेका आळीनं वाटून घेतलेली, कुणाच्या वाट्याला कुठला दिवस हे कुठंच लिहिलेलं नाही पण सगळ्यांना पाठ. वाढप्ये वेगळे, पाण्याचा टँकर कोण आणणार ते ठरलेलं, चुलवण पेटवणारा एकच म्हातारा, तो दुसऱ्याला हात लावू देत नाही. जो माणूस ग्रामपंचायतीचे सातशे रुपये घरपट्टी चार वर्षं थकवतो त्यानं सप्त्याला पाच हजार एक दिलेले. मुंबईत माथाडी कामगार असलेली पोरं रजा टाकून आलेली.

मी चुलत्याला म्हटलं, बघा ना नाना, यातली निम्मी माणसं जरी ग्रामसभेला आली तरी गाव बदलेल. नाना काल्याचा प्रसाद खात होते. म्हणाले, "तिथं येऊन करायचं काय?"

मी म्हटलं म्हणजे काय, प्रश्न मांडायचे. तर म्हणाले, "मांडलं की. तीन वर्सं मांडलं, गटाराचं. लिहून घ्येत्यात. हितं मी पाणी वाढतो तर लोकं पाणी पित्यात, मला दिसतंय. तिथं मी बोलतो तर काय हुतंय ते मला दिसत न्हाई. आन् हितला हिशोब उद्या फळ्यावर लागंल, तुझा चुलता धरून कुणी किती दिलं आन् बुंदीला किती गेलं, समदं."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी लागला. खडूनं. जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक रक्कम कुणाकडं ठेवली तेही. एकानं साखरेच्या पोत्यावरनं हुज्जत घातली, तिथल्या तिथं पावती दाखवली, मिटलं.

मला वाटतं गावात लोक का येत नाहीत यावर आपण जे बोलतो, लोकांना जाणीव नाही, जागृती केली पाहिजे, हे बरंचसं शहरात बसून सुचलेलं बोलणं आहे. मी पण तेच बोलत होतो. जाणीव भरपूर आहे हो. सप्त्यात माणसाला तीन गोष्टी मिळतात, एक ठरलेलं काम मिळतं, ते केलं की लगेच दिसतं, आणि पैशाचा हिशोब तोंडावर मिळतो. ग्रामसभेत यातलं एकही नाही. तिथं माणसाला फक्त सही मागतात.

तसं बघितलं तर एकमेकांच्या कामाला जायचं हे आपल्याकडं कुणी शिकवायला नको. इर्जिक शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे, एखाद्याची नांगरट मागं पडली, बैल मेला, घरात आजारपण आलं की आळीतले लोक आपापले बैल, औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि एका दिवसात काम काढायचे, त्यानं फक्त जेवण घालायचं. सावड तर सगळ्यांनाच माहीत, आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. भीमाशंकरच्या बाजूला आंबेगावच्या डोंगरात पडकई म्हणतात, उतारावर भातखाचरं पाडायची ती सगळ्यांनी मिळून. या सगळ्यात कुणी भाषण करत नव्हतं. आणि यात फुकट असं काही नव्हतं बरं का, चोख देणंघेणं होतं, फक्त पैशात नव्हतं. तुम्ही कुणाच्या इर्जिकीला गेला नाहीत तर तुमच्याकडं कोण येणार. आता ट्रॅक्टर आला, तासावर पैसे दिले की नांगरट होते, कुणाचे उपकार नकोत. मला यात वाईट काही वाटत नाही, बैलाच्या मागं चालून ज्याच्या टाचा फुटल्यात त्याला विचारा ट्रॅक्टर बरा की इर्जिक बरी. पण ट्रॅक्टरबरोबर एकमेकांच्या दारात जायचं कारणही गेलं हे तितकंच खरं.

गाडगेबाबांचं मला म्हणूनच फार पटतं. हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा, आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. आधी काम मग बोलणं. आपण उलटं करतो, आधी बोलतो, मग चहा पितो, मग घरी जातो. त्यांच्याच नावानं २००० साली आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो, आमच्या गावानं पण भाग घेतला होता. मला अजून आठवतंय, तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी रात्री बारापर्यंत बायका रांगोळ्या काढत होत्या आणि आम्ही पोरं झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावत होतो. बक्षीस काही मिळालं नाही. समिती गेली आणि तिसऱ्या दिवशी उकिरडे परत जागेवर आले. पण त्या रात्रीची मात्र गावातले लोक अजून आठवण काढतात, "समिती आलती त्या वर्षी" असं म्हणतात, जसं दुष्काळाचं साल सांगावं तसं.

स्पर्धेचं असं असतं, ती माणसं बाहेर काढते पण त्यांना टिकवत नाही. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप आठवतोय ना, २०१६ ला वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते, साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं, २०१८ पर्यंत पंच्याहत्तर तालुके झाले. एप्रिल मे च्या उन्हात लोक डोंगरावर सलग समतल चर खोदत होते. त्यात मला स्पर्धेपेक्षा दुसरी गोष्ट शहाणपणाची वाटली होती, आधी गावातल्या माणसांना ट्रेनिंग देत होते, उतार कसा मोजायचा, चर किती खोल, आणि काम घनमीटरमध्ये मोजलं जायचं. म्हणजे संध्याकाळी घरी जाताना बाईला माहीत होतं आज आपण किती खोदलं. परत तेच, दिसणारं काम.

पण श्रमदानाबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे जी सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही. आमच्या शेजारच्या गावात असंच श्रमदान झालं होतं. टिकाव फावडं घेऊन सगळ्यात आधी कोण आलं, तर ज्यांना जमीन नाही ते. आणि चरात मुरलेलं पाणी गेलं कुणाच्या विहिरीत, तर ज्यांची खाली बागायत आहे त्यांच्या. एका बाईनं मला सरळ सांगितलं होतं, "आमी एक दिस कामाला न्हाई गेलो तर एक दिसाची हजेरी बुडती, तुमचं काय, तुमी फोटू काढून जाता." मी खरंच फोटोच काढत होतो तेव्हा. त्यामुळं लोकसहभाग लोकसहभाग म्हणताना घाम कुणाचा आणि पाणी कुणाचं हे आधी मांडायला पाहिजे, नाहीतर तो सहभाग नाही, जुनी वेठ आहे नवीन बॅनर लावून. हिवरे बाजारचं नाव घेताना लोक श्रमदान आणि झाडं सांगतात पण मला तिथला पाण्याचा ताळेबंद जास्त महत्त्वाचा वाटतो. पोपटराव पवार नव्वदच्या सुमाराला सरपंच झाले तेव्हा ते नगर जिल्ह्यातलं दुष्काळी, भांडणाचं, दारूचं गाव होतं. पुढं गावानं काय ठरवलं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस केळी लावायची नाही, दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजायचं आणि सगळ्यांसमोर बसून ठरवायचं की यंदा पाणी कशाला पुरेल. म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे त्यालाही बोअर मारता येत नाही. इथं श्रमदान करणाऱ्याला वाटतं की आपण पण गावाचे भागीदार आहोत. हे अवघड आहे, खड्डे खोदण्यापेक्षा कितीतरी अवघड, कारण इथं बड्या माणसाला नाही म्हणायचं असतं.

गडचिरोलीच्या मेंढा लेखाचं उदाहरण तर सगळेच देतात, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही कुठंतरी वाचलीच असेल. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. २००९ ला त्यांच्या ग्रामसभेला अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ ला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळाला. पण मला त्यातलं काय आवडतं तर त्यांचा अभ्यास गट. सभेच्या आधी वेगळं बसायचं, विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवून विचारायचं, आणि अभ्यास गटात निर्णय घ्यायचाच नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकजण जरी अडून बसला तरी थांबायचं, परत बोलायचं. आमच्याकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो, म्हणतो मग एक ठराव व्हायला एक वर्ष लागंल. लागत असेल. पण असा झालेला ठराव मोडायला कुणी जात नाही, आणि आमच्या सात ठरावांपैकी एक तरी कुणाला आठवतो का विचारा.

आणि हो, छोट्या गोष्टीनं सुरुवात केलेली गावं पण आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. सुरुवातीला घरोघर जाऊन सांगावं लागलं. एक भोंगा, बाकी काही नाही, पण अख्ख्या गावानं एकाच वेळी एकच गोष्ट करायची याला किंमत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, आणि काही दिवसांत राज्य सरकारला परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगावं लागलं की हेरवाडसारखं करा. म्हणजे ठराव नावाच्या कागदात दम असतो, आपण त्याला रद्दी करून ठेवलंय.

बरं, आमच्या गावाचं काय झालं ते सांगतो, फार मोठं काही झालेलं नाही आधीच सांगतो.

सप्त्याचा फळा डोक्यात होता. कॉलेजला जाणारी दोन पोरं होती, एक आमच्या आळीतला आणि एक मुलगी खालच्या वस्तीवरची, त्यांना मी ई-ग्रामस्वराजची साइट दाखवली. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावाला किती आला, आराखड्यात काय धरलंय, कशावर किती खर्च टाकलाय हे तिथं कुणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. त्यात बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) आणि अबंधित असा प्रकार होता, ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागायचा, हे मलाही तेव्हाच कळलं. पोरांनी चार पानांची माहिती एका पानावर आणली आणि एका गुरुवारी हरिपाठ झाल्यावर, आरतीच्या आधी, मुलीनं ती वाचून दाखवली. आरतीच्या आधी हे मुद्दाम, कारण आरतीशिवाय कुणी उठत नाही.

पथदिव्यांवर आलं आणि गडबड झाली. कागदावर एलईडी चोवीस. कोण म्हणालं चोवीस कुठं आहेत दाखवा, कोण म्हणालं खाल्ले, सरपंचांचा पुतण्या तिथंच बसला होता तो उठून उभा राहिला. मला वाटलं आता डोकी फुटणार आणि सगळे मला शिव्या घालणार, पुण्याहून येऊन गावात आग लावली म्हणून. (घातल्याच, पण नंतर.) शेवटी नानांनी काय केलं, म्हणाले चला मोजू. आणि खरंच पंचवीसेक माणसं उठली, रात्री साडेआठला, पोरं मोबाईलचे टॉर्च घेऊन पुढं, आणि गावातले दिवे मोजत फिरलो. एकवीस भरले. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात पुतण्या म्हणाला शाळेच्या मागं कोण बघणार, आणि स्मशानात? गेलो. शाळेमागं एक, स्मशानभूमीच्या वाटेला दोन. चोवीस.

म्हणजे कुणी काही खाल्लेलं नव्हतं. पण त्या फेरीत आणखी एक दिसलं, खालच्या वस्तीत शेवटच्या तीन घरांपुढं एकही खांब नाही आणि सरपंचांच्या बोळात चाळीस पावलांवर दोन आहेत. चोरी नव्हती, फक्त ज्याचा आवाज पोचतो त्याच्या दारात उजेड होता. हे वहीत वाचून कधी कळलं नसतं. त्या रात्री सरपंचबाई स्वतः पण आमच्याबरोबर चालत होत्या, त्यांच्या नवऱ्याशिवाय. त्या सरपंच झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा बायकांना आहेत पण खुर्चीत बाई आणि शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा हे चित्र तुम्हाला नवीन नसेल. त्या म्हणाल्या, सभा दुपारी ठेवू, जेवणं झाल्यावर. सकाळी अकराला बायका रानात असतात, कोण येणार? इतकी साधी गोष्ट. महिलांची वेगळी ग्रामसभा आधी घ्यायची असा नियमच आहे, ती आमच्याकडं आजवर कागदावर होत होती, सह्या करणाऱ्या बायकांनाच पत्ता नव्हता.

मग आम्हाला चेव चढला. मी म्हटलं आता ओढा साफ करू. व्हॉट्सअॅपवर टाकलं, रविवारी सकाळी सातला सर्वांनी यावे. नऊ जण आले. त्यातले तीन दहा मिनिटांत चहाला गेले ते गेलेच. "सर्वांनी यावे" म्हणजे कुणीच येऊ नये असा त्याचा अर्थ होतो हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वेळी नानांच्या डोक्यानं केलं, ओढ्याच्या काठानं फक्कीनं रेघा मारल्या, ही एवढी तुमच्या आळीची, ही वरच्या आळीची, ही वस्तीची, ही तरुण मंडळाची. दवंडी पिटवली, खरीखुरी, हलगी घेऊन, कारण मेसेज म्युट करता येतो हलगी करता येत नाही. आणि एक ठरवलं की हजेरीवर जाणाऱ्या माणसांना रविवारी बोलवायचं नाही, त्यांचा पट्टा ट्रॅक्टरवाल्यांनी करायचा, ज्यांची रानं ओढ्याला लागून आहेत त्यांनी डिझेल घालायचं. यावर दोन मीटिंगा भांडणं झाली, एक बागायतदार अजून माझ्याशी बोलत नाही. पण ओढा झाला. वरच्या आळीचा पट्टा अर्धा राहिला होता तर संध्याकाळपर्यंत गावभर त्याच्यावर जोक चालू होते, सोमवारी पहाटे त्यांनी गुपचूप पूर्ण केला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मला रजा मिळाली नाही. तिथल्या पोरानं फोन करून आकडा सांगितला, त्रेसष्ट. त्यात सव्वीस बायका. शंभर नाहीच. सभा नियमाप्रमाणे तहकूब केली, वही फिरवली नाही, आणि पुढच्या आठवड्यात परत भरवली तेव्हा एकोणपन्नास आले, कोरमची गरज नसताना. घरपट्टीची वसुली वाढली का विचाराल तर थोडीशी, फार नाही. दोन जणांनी दिव्यांच्या प्रकरणावरनं सप्त्याच्या वर्गणीला पण नाही म्हणायची धमकी दिलीये. खालच्या वस्तीच्या मुलीनं पान वाचलं म्हणून काहींची नाकं मुरडली होती, ती अजून मुरडलेलीच आहेत, ते एवढ्यात जाईल असं मला वाटत नाही. आणि मुलगी आता नर्सिंगला ॲडमिशन घेऊन साताऱ्याला गेली, तर पान कोण वाचणार हा प्रश्न आहेच. पोरगा म्हणतो मी वाचतो पण त्याचा आवाज मागपर्यंत जात नाही.

मी मतदार यादीचा फॉर्म काढून ठेवलाय, नाव परत गावात आणायचं का यावर घरात चर्चा चालू आहे. बायको म्हणते पुण्याची पाणीपट्टी भरायची आणि मत तिकडं द्यायचं हे कुठलं. मुळात नाव तिथंच ठेवायचं असतं जिथं माणूस राहतो, आणि तिचं बरोबर आहे, म्हणून फॉर्म अजून ड्रॉवरमध्येच आहे.

परवा रात्री दहाला फोन आला, नंबर सेव्ह नव्हता. खालच्या वस्तीतल्या शेवटच्या घरातली आजी, नातवाच्या फोनवरनं. हॅलो नाही काही नाही. "तूच का रं त्यो दिवं मोजणारा? माज्या दारातल्या खांबाचं त्या वहीत लिवलंय का न्हाई, का नुसतं मोजूनच ग्येलासा?"

मी म्हटलं आजी बघतो. लगेच पोराला मेसेज टाकला, प्रोसिडिंगच्या त्या पानाचा फोटो पाठव म्हणून. त्यानं पाठवला. ठराव क्रमांक चारमध्ये आहे, तीन खांब, खालची वस्ती. सूचक म्हणून तिच्याच सुनेचं नाव आहे, आजीला घरी कुणी सांगितलंच नव्हतं.